पुरे

तिसरा चमचा आत गेला, घोट सावकाश उतरला, आणि ती म्हणाली, "पुरे."

त्याने चमचा वाटीत ठेवला. सूप जवळजवळ तसंच होतं. काल पाच चमचे गेले होते, परवा सहा. तिने डावा पंजा पलंगाच्या कठड्यावर दोनदा आपटला, ठप् ठप्, आणि पुन्हा म्हणाली, "पुरे." एवढं स्पष्ट सांगितल्यावर समोर बसून राहायचं तरी कोणत्या तोंडाने? तो वाटी घेऊन उठला. तिने मान भिंतीकडे फिरवली.

झटका येऊन चार महिने झाले होते. उजवं अंग गेलं आणि जाताना भाषाही घेऊन गेलं. सव्वीस वर्षं बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीवर बसून जिने अख्ख्या गावाला गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, सुट्टे पैसे कुठे मिळतील आणि संडास कुठल्या बाजूला, हे सगळं न थकता सांगितलं, त्या बाईकडे आता एकच शब्द उरला होता. उरायचा तर निदान पाणी उरावा, हो उरावा, लेकीचं नाव उरावं. उरला तो पुरे.

बोलायला शिकवणारी एक मुलगी सहा आठवडे घरी येत होती. तिने आरसा धरून तोंड उघडायला लावलं, जिभेखाली पट्टी घालून पाहिली, आणि जीभ लुळी पडल्यामुळे टाळूपर्यंत पोचत नाही असं सांगितलं. मान हलवण्यावर विसंबू नका, म्हणाली, होला आणि नाहीला त्यांची मान सारखीच हलते. अशा आजारात कधी कधी एखादा शब्द अडकून राहतो, त्याचा फार अर्थ लावत बसू नका. पोरगी गुणी होती, पण तिला रोज तिन्ही वेळा वाटी घेऊन बसायचं नव्हतं. समोरचं माणूस चमच्यासमोर पुरे म्हणालं तर अर्थ लावायला काय शब्दकोश उघडायचा?

आणि गंमत अशी, की या घरात ऐकण्यावर पोट होतं ते त्याचं.

तो पाणी खात्यात गळत्या शोधायचा. रस्त्याखालून नळ जातात, ते कुठे तरी फुटतात, पाणी जमिनीत मुरत राहतं आणि वर काही दिसत नाही. मग पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, हा लोखंडी सळई घेऊन निघायचा. सळईचं एक टोक रस्त्यावर, दुसऱ्या टोकाला लाकडाची वाटी, वाटीला कान. जिथे आवाज पकडला तिथे खडूने फुली मारायची, मागून खोदणारे यायचे. आता यंत्रं आली होती, कानात बोंडं घालून पोरं पडद्यावरच्या रेघा बघत फिरायची. पण जुन्या भागात रेघांचा गोंधळ उडाला की साहेब लोक याच्याकडे यायचे. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, आणि झटका आल्यापासून तो रजेवर होता.

खात्यात त्याला तीनखड्डे म्हणत. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गल्लीत त्याने ठामपणे फुली मारली, खोदलं, कोरडं. दुसरी मारली, कोरडं. तिसरीही कोरडी गेली आणि पाणी निघालं रस्त्याच्या पलीकडे. तीस वर्षांत त्याने शेकडो गळत्या शोधल्या असतील, त्यांची आठवण कोणाला राहिली नाही. तीन खड्डे मात्र त्याच्या नावाला कायमचे चिकटले.

हे काम त्याला शिकवलं ते मुकादमांनी. मुकादमांची एक रीत होती, तिच्यापायी ते खात्यात थट्टेचा विषय झाले होते. कामाला हात लावण्याआधी दहा मिनिटं सगळ्या पोरांना रस्त्याकडेच्या पाइपांवर डोळे मिटून बसवायचे. आधी लांबचं ऐकायचं, मग जवळचं, मग स्वतःच्या अंगातलं. कान लावू नका, म्हणायचे, कान नुसता ठेवा, आणि तुम्ही बाजूला व्हा. मुकादम पोरांना साधू करून सोडणार, असं लोक म्हणायचे. साधू कोणी झालं नाही, पण गळत्या सापडायच्या. मुकादम निवृत्त झाले आणि ते बसणं मागे पडलं. ह्यानेही सोडलं. सळई टेकवायची, आवाज आला की फुली मारायची, उठायचं. सवयीने जमत होतं.

दिवसभर कान असे पिळून घेतल्यावर घरी त्याला शांतता हवी असायची, आणि घरात बायको असायची. खिडकीवर दिवसभरात जमलेलं सगळं तिला संध्याकाळी सांगायचं असायचं. आज एक बाबा विचारत होता, काल गेलेली गाडी परत कधी येणार. आज एका बाईने तिकिटाऐवजी औषधाची चिठ्ठी पुढे केली. ती हातवारे करून, माणसांचे आवाज काढून सांगायची, आणि हा डोळे मिटून खुर्चीत पडलेला. "पुरे आता," म्हणायचा, "कान दमलेत." ती थांबायची. मग उरलेली गोष्ट स्वयंपाकघरात लेकीला सांगितलेली त्याला ऐकू यायची आणि दोघींचं हसणंही. संसारात त्याने बायकोला सगळ्यांत जास्त वेळा म्हटलेला शब्द हाच असणार. म्हणून तर त्याला मनातून वाटायचं, की तिच्या डोक्यातलं सगळं वाहून गेलं आणि तळाला हा तेवढा गाळ राहिला. त्याचा शब्द ती त्याला परत करत होती. रोज, तिन्ही वेळा.

रविवारी लेक आली. ती दुसऱ्या शहरात शाळेत गणित शिकवायची. लहानपणी घोड्याला घोरा आणि झाडाला झार म्हणणारी ही पोर आता एकेक अक्षर ठोकून वाजवून बोलायची, बहुधा त्या घोऱ्याचा सूड म्हणून. तिने आईचं पांघरूण बदलायला काढलं आणि हात तसाच थांबवून उभी राहिली. पांघरुणाखाली आई फारशी उरलीच नव्हती.

सोमवारी डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. घशात दोष नाही, त्या म्हणाल्या, गिळता येतंय, तपासणीत सगळं ठीक आहे. त्या खात नाहीत, एवढंच आहे. असं होतं कधी कधी, माणूस आतून ठरवतं. आता दोनच मार्ग आहेत: पोटाला भोक पाडून नळी घालायची, नाही तर त्यांना त्यांच्या मनाप्रमाणे जाऊ द्यायचं. गुरुवारपर्यंत सांगा, त्यापुढे नळी घालण्याइतकीही ताकद अंगात राहणार नाही.

त्या गेल्यावर लेक स्वयंपाकघरात धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली. घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. शेवटी मान वर न करता बोलली.

"बाबा, चार महिने ती एकच गोष्ट सांगतेय. आपण सगळे तिच्यावर चमचे घेऊन धावतोय. एकदा तरी तिचं ऐका ना."

नळी घालायची तर ती नको म्हणत असताना तिच्या पोटाला भोक पाडायचं. नाही घालायची तर उपाशी मरताना शेजारी बसून बघायचं. आणि दोन्हीकडे सही त्याची. तो चपला घालून बाहेर पडला, गल्ली संपेपर्यंत गेला आणि परत आला, कारण जायला जागा नव्हती. त्या दिवशी तो बायकोपुढे रडला, तिच्यावर चिडला, चमचा ओठांवर दाबून धरला. ती पुरे म्हणाली. तिच्या पायाशी कपाळ टेकून त्याने एक चमचा मागितला, एकच. एक तिने घेतला, आणि कठड्यावर ठप् ठप् करून पुरे म्हणाली.

मंगळवारी दुपारी तो मुकादमांकडे गेला. कशाला जातोय हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. मुकादम चौऱ्याऐंशीचे झाले होते आणि ठार बहिरे. दार सुनेने उघडलं, आणि बसलेत आपल्या ड्यूटीवर, असं म्हणून खिडकीकडे बोट दाखवलं. मुकादम खुर्चीत डोळे मिटून ताठ बसले होते. त्याचा हात खांद्याला लागला तेव्हा त्यांनी डोळे उघडले, ओळखलं, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तीनखड्डे! अजून जिवंत का?"

शेजारी पाटी होती. त्याने लिहिलं: बायको जेवत नाही. पुरे म्हणते. थांबू का?

मुकादमांनी पाटी लांब धरून, मग जवळ धरून वाचली. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"किती वेळा ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

त्याने लिहिलं: दिवसातून वीस वेळा.

"वीस वेळा ऐकू आलं म्हण. मी विचारतोय ऐकलंस किती वेळा?"

त्याला संताप आला. इथे माणूस मरतंय आणि ह्या म्हाताऱ्याला शब्दांचा कीस पाडायला सुचतंय. तो जायला उठला. मुकादमांनी मनगट पकडलं. हाताला अजून पान्ह्याची पकड होती.

"त्या गल्लीत काय झालं होतं, आठवतं का? पोरीला ताप होता तुझ्या. तीनही वेळा तुला पाणी नव्हतं ऐकू आलं. तुला घरी जायचं होतं, ते ऐकू आलं होतं."

एवढं बोलून त्यांनी हात सोडला आणि डोळे मिटून घेतले. सुनेने चहा विचारला, त्याने नको म्हटलं. उतरताना जिन्यातच तो पायरीवर बसून राहिला. म्हातारा काही तरी बोलला होता आणि ते त्याला लागलं होतं, पण कुठे लागलं ते सापडत नव्हतं.

बुधवारी सकाळी लेक हॉस्पिटलचे कागद आणायला गेली. कागद दोन प्रकारचे होते आणि ती दोन्ही आणणार होती. घरात ती दोघंच राहिली. त्याने सूप गरम केलं, पलंगाजवळच्या स्टुलावर बसला, आणि वाटी हातात न घेता मेजावर ठेवली. मग डोळे मिटले. दुसरं काही करायला उरलं नव्हतं म्हणून मिटले, त्यात कसली श्रद्धा नव्हती.

आधी लांबचं. मोठ्या रस्त्यावर बसने वळण घेतलं. सुताराच्या दुकानात रंधा चालला होता. कोणाचं तरी मूल पाढे म्हणत होतं आणि सातावर अडखळत होतं. मग जवळचं. मोरीतला नळ दर चार श्वासांनी ठिबकत होता. दुनियेच्या गळत्या शोधणाऱ्याच्या घरात हा नळ वर्षभर ठिबकतोय, म्हणून ती त्याला किती चिडवायची. पंख्याचं एक पातं घासत होतं. तिचा श्वास येत होता, उथळ. मग स्वतःचं. डाव्या कानातली बारीक शीळ, पोटातली गुरगुर, छातीतले ठोके. तो आणखी खाली गेला, जसं पूर्वी पाइपावर बसून जायचा, आणि तिथे त्याला एक वाक्य ऐकू आलं. आवाज त्याचाच होता. ते वाक्य बहुधा महिनोन्‌महिने तिथे चालू असावं.

होऊ दे आता पुरे.

चार महिन्यांची जाग्रणं, चादरी, दुखणारी कंबर, तिचे डोळे. तो थकला होता आणि त्याला हे संपायला हवं होतं. ती पुरे म्हणायची तेव्हा दुःख व्हायचं हे खरं होतं, पण त्याच्या आधी, अगदी निमिषभर आधी, सुटल्यासारखं वाटायचं. वाटी उचलून तो किती चटकन उठायचा. त्याला स्वतःची किळस आली. त्या क्षणी उठून पळून जावंसं वाटलं. पण मुकादमांनी घालून दिलेली एक गोष्ट अंगात मुरलेली होती: नुसतं स्वतःलाच ऐकून झालं असेल तर उठायचं नाही, अजून कामाला सुरुवातच झालेली नाही. तो बसून राहिला. गालांवरून पाणी येत होतं ते त्याने पुसलं नाही. ते वाक्य चालू राहिलं, मग हळूहळू मोरीतल्या नळासारखं एका बाजूला झालं.

"पुरे," ती म्हणाली.

चमचा समोर नव्हता. वाटी तिच्या तोंडाजवळ नव्हती. कोणी काही देत नव्हतं, मग पुरे कशाला? त्याने डोळे उघडले नाहीत. जिवाचा कान करणं म्हणतात, ते त्याने तीस वर्षांत आज पहिल्यांदा केलं असेल.

ठप् ठप्. "पुरे."

या वेळी त्याने शब्द सोडून दिला आणि नुसता आवाज घेतला. पुरे म्हणणारं माणूस आवाज खाली सोडतं. त्याला हे माहीत असायलाच हवं होतं, आयुष्यभर त्यानेच म्हटला होता तो शब्द. हा आवाज खाली येत नव्हता. तो वर जात होता आणि टोकाला मोकळा राहत होता. आधी दोन थापा, मग वर जाणारा आवाज. हे त्याने कुठे तरी ऐकलं होतं. घरात नाही. मोठ्या जागेत, जिथे आवाज घुमतो.

एकदा तो तिला घराची किल्ली द्यायला बसस्थानकावर गेला होता. खिडकीसमोर रांग होती. ह्याने बाजूने हात घालून किल्ली देऊ पाहिली, तर तिने सगळ्यांदेखत रांगेत उभं केलं होतं. पुढे दहा माणसं होती. दर माणसाचं काम झालं की ती समोरच्या फळीवर पंजा दोनदा आपटायची आणि मान वर करून म्हणायची, "पुढे!" रांग एक पाऊल सरकायची. ह्याची पाळी आली तेव्हा तिने गंभीर चेहऱ्याने किल्ली घेतली, ठप् ठप् केलं आणि नवऱ्यालाही म्हणाली, "पुढे!"

स्टुलावर बसल्या बसल्या त्याने तो शब्द तोंडात घोळवला. पुढे. जीभ वर उचलली गेली, दुमडली, टाळूला लागून सुटली. मग त्याने तोंडात बोट घातलं, जीभ खाली दाबून धरली आणि तोच शब्द पुन्हा म्हटला.

बोटाखालून आलं ते पुरे.

त्याने वाटी घेतली. पहिला चमचा घाईत तिच्या मानेवर सांडला. दुसरा आत गेला. ती म्हणाली ते म्हणाली, आणि त्याने चमचा भरला. ती म्हणाली, त्याने भरला. ठप् ठप्, आणि रांगेतला एकेक माणूस पुढे सरकावा तसा एकेक घोट गेला. तिचे डोळे त्याच्यावर खिळले होते. त्यांत आनंद वगैरे काही नव्हता. महिनोन्‌महिने बंद खिडकीवर धक्के मारणाऱ्या माणसाला आतलं कोणी दिसावं, तसे होते ते डोळे.

आठव्या चमच्याला लेक दारात आली. काखेत कागद होते. तिने आईचा शब्द ऐकला, बापाचा पुन्हा भरलेला चमचा पाहिला आणि तिचा आवाज चिरकला.

"बाबा, थांबा. ती पुरे म्हणतेय."

"तुझा घोरा आठवतो का गं?" त्याने विचारलं.

तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"तुला घोडा म्हणायचं असायचं, पण घोरा म्हणायचीस. हिची जीभ टाळूला लागत नाही. ती पुढे म्हणतेय. पहिल्या दिवसापासून पुढेच म्हणतेय."

एकेक अक्षर ठोकून वाजवून बोलणारी लेक दाराला टेकून खाली बसली. कागद घरभर पसरले, ते कोणी उचलले नाहीत.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला तो तिनेच. त्या भराभर बोलल्या. एकदम देऊ नका. इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम अन्न दिलं तर हृदयाला ते झेपत नाही, त्यानेही माणूस दगावतं. आता जेवढं गेलंय तेवढंच, पुढचे आठ चमचे दोन तासांनी. उद्या रक्त तपासू. वजन फार खाली गेलंय, उशीर झालाय, मी काही शब्द देऊ शकत नाही. नळी कदाचित तरीही लागेल. लेकीने सगळं लिहून घेतलं आणि औषधं आणायला पुन्हा बाहेर पडली.

आता वाटी अर्धी भरलेली होती, समोर भुकेलं माणूस होतं, आणि त्याने वाटी उचलून मेजाच्या पलीकडच्या टोकाला ठेवली. तिचे डोळे वाटीबरोबर गेले.

"पुढे," ती म्हणाली. तिच्या तोंडून पुरेच निघालं, पण आता त्याला तसं ऐकूच येईना.

आता त्याला बास म्हणायचं होतं. थांब म्हणायचं होतं. चार महिने ती मागत असताना तो उठून गेला, आणि आज कळलंय तर आजही त्यानेच नाही म्हणायचं. "दोन तासांनी," तो कसाबसा म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलंय." तिने कठड्यावर पंजा आपटला. आता त्या थापांत जोर नव्हता.

आणि मग त्याला आणखी एक आठवलं, आणि ते आधीच्या सगळ्याहून वाईट होतं. हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी, घरातली शांतता सहन होईना म्हणून, तो आयुष्यात पहिल्यांदा तिला कामावरचं सांगायला बसला होता. पाणी सोडणाऱ्या एका चावीवाल्याने उलटी चावी फिरवली आणि साहेबांच्याच बंगल्याचं पाणी तोडलं, असं काही तरी. दोन वाक्यं झाली तेव्हा ती म्हणाली होती, पुरे. त्याला ते लागलं होतं. बरोबरच आहे, असं स्वतःशी म्हणून तो गप्प झाला, आणि त्यानंतर चमचा आणि गोळ्या यांपलीकडे तिच्याशी बोलला नव्हता. ती विचारत होती, पुढे? मग पुढे काय झालं?

त्याने स्टूल ओढलं, तिचा डावा हात हातात घेतला आणि बोलायला सुरुवात केली. त्याला सांगता येत नव्हतं. आवाज काढता येत नव्हते, हातवारे जमत नव्हते. चावीवाल्याचं अर्धवट राहिलेलं त्याने आधी पुरं केलं. ती म्हणाली, पुढे. मग पोरीला ताप आला होता तो दिवस सांगितला, आणि त्याला तीनखड्डे का म्हणतात ते, जे तो घरी कधीच बोलला नव्हता. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. पुढे. मग मुकादम, पाटी, जिना. पुढे. घड्याळात दोन तासांतला पाऊण तास झाला होता आणि त्याच्याजवळचं सांगण्यासारखं सगळं संपलं. एकच उरलं होतं.

तेही त्याने सांगितलं. म्हणाला, मला वाटायचं तू मरावंस. वाईट म्हणून नाही, मी दमलो होतो. तू पुरे म्हणतेस असं मला ऐकू यायचं, कारण ते मलाच म्हणायचं होतं. मी तुला उपाशी ठेवलं गं.

एवढं सांगून तो थांबला आणि खाली बघत राहिला. मोरीतला नळ ठिबकला. मग पुन्हा ठिबकला.

ती तो शब्द म्हणाली, फार हळू. पुरे होतं की पुढे, त्याला कळलं नाही. दोन्हीही असू शकत होतं, आणि पुरे असतं तर तिचा तो हक्कच होता. त्याने फुली मारली नाही. कान ठेवून बसून राहिला.

ती दुसऱ्यांदा म्हणाली. तरीही कळलं नाही.

तिसऱ्यांदा तिने त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, कठड्यावर आपटला, ठप् ठप्, आणि रांग खोळंबली की खिडकीतून म्हणायची तशी, चांगली वैतागून म्हणाली. आवाज वर गेला आणि टोकाला मोकळा राहिला.

त्याने नाक पुसलं आणि पुढे सांगू लागला.